ध्रुवीय प्रकाशाची ‘खात्रीशीर’ सहल : सांगलीतील एका फसवणुकीचा अनुभव

सांगलीतील आम्ही काही निवृत्त मंडळी, त्यांत माझे व्याही-विहीणबाई आणि शेजारचे भूगोलाचे शिक्षकही होते, नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे जानेवारीअखेर जाऊन ध्रुवीय प्रकाश (सूर्यावरून येणाऱ्या कणांमुळे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड, म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स) पाहण्याच्या तयारीत होतो. विश्रामबाग भागात कार्यालय थाटलेल्या एका सहल आयोजकाने त्यासाठी आमच्याकडून माणशी १ लाख १० हजार रुपये आगाऊ घेतले, पुढे व्हिसा आणि विम्याच्या नावाखाली आणखी रक्कम उकळली आणि शेवटी कार्यालय बंद करून तो निघून गेला. सध्या आपल्या भागात अशा सहलींच्या जाहिराती वाढलेल्या दिसतात, म्हणून हा प्रकार कसा घडत गेला आणि कोणत्या ठिकाणी तो पकडता येतो, हे सविस्तर लिहीत आहे.

मे २०२४ मधील मोठ्या सौरवादळाच्या वेळी लडाखमधील हानले येथूनही आकाशातला तांबडा प्रकाश टिपला गेला होता. त्या छायाचित्रांचा आधार घेऊन हा गृहस्थ सांगत असे की, सूर्यावरची वादळे कमी-जास्त होण्याचे अकरा वर्षांचे चक्र आता शिखरावर आहे, यंदा गेलात तरच दिसेल, नाहीतर पुढच्या चक्रापर्यंत थांबा. चक्र अकरा वर्षांचे असते हे खरे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ खोटा होता. ट्रॉम्सो हे गाव ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच वसलेले आहे, त्यामुळे सूर्य शांत असलेल्या वर्षांतही सप्टेंबर ते मार्च या काळात, आकाश निरभ्र असेल तर, तिथे हा प्रकाश दिसतो. घाई करण्याचे कोणतेही कारण नव्हते. घाई फक्त आगाऊ रकमेची होती.

त्याच्या छापील पत्रकावर ‘दर्शनाची शंभर टक्के हमी, अन्यथा पैसे परत’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. अशी हमी कोणालाच देता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. सूर्यावर स्फोट झाला की त्यातून निघालेले कण पृथ्वीपर्यंत यायला साधारणपणे एक ते तीन दिवस लागतात, आणि ते नेमके किती परिणाम करतील हे पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरच्या उपग्रहांनी मोजल्यानंतरच, म्हणजे जेमतेम अर्धा-एक तास आधी, नीट कळते. त्यातच ट्रॉम्सो समुद्रकाठी असल्यामुळे ढगांचा भरवसा नसतो, आणि म्हणूनच तिथले वाटाडे प्रवाशांना मोकळ्या आकाशाच्या शोधात रात्रीत दूर, कधी फिनलंडच्या हद्दीपर्यंतही, घेऊन जातात. तिकडचे काही आयोजक आश्वासन देतात, पण ते प्रकाश न दिसल्यास पुन्हा एक फेरी देण्याचे असते, प्रकाश दाखवण्याचे नव्हे.

पैसे भरल्यानंतर काही दिवसांतच त्याने प्रत्येकाला विमानाच्या आरक्षणाचा कागद दिला. त्यावर सहा अक्षरांचा पीएनआर होता आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की आमची नावे दिसत होती. विश्वास बसावा असाच तो पुरावा होता आणि फसवणुकीचा सर्वांत कसबी भागही हाच होता. एजंटला पैसे न भरता काही काळासाठी जागा रोखून धरता येते. तेवढ्यावर पीएनआर तयार होतो, पण तिकीट निघालेले नसते. पैसे भरून तिकीट निघाले की त्यावर तेरा अंकी तिकीट क्रमांक येतो, आणि आमच्या कागदांवर तो कुठेही नव्हता. मुदत संपताच ती आरक्षणे आपोआप रद्द झाली. हॉटेलचीही तीच गत होती. पोहोचल्यावर पैसे देण्याच्या अटीवर, फुकट रद्द करता येणाऱ्या खोल्या त्याने नोंदवल्या होत्या आणि आम्हाला पावत्या दाखवून झाल्यावर रद्द केल्या होत्या. हॉटेलला आम्ही थेट ईमेल पाठवला तेव्हा दुसऱ्याच दिवशी हे समजले.

व्हिसाच्या बाबतीत तो आणखी निर्ढावलेला होता. नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रथमच अर्ज करणाऱ्याला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः व्हिसा अर्ज केंद्रावर जावे लागते आणि अर्जासोबत मूळ पासपोर्ट द्यावा लागतो. आमचे पासपोर्ट घरच्या कपाटात असताना हा मनुष्य केवळ झेरॉक्स घेऊन ‘गटाची फाइल दिल्लीत वकिलातीकडे गेली आहे, काका, तुम्ही निश्चिंत राहा’ असे सांगत होता. व्हिसाच्या शुल्कापोटी त्याने घेतलेली रक्कम माणशी ९० युरोच्या अधिकृत शुल्काच्या कितीतरी पट होती. विम्याचा जो कागद दिला, त्यावरचा पॉलिसी क्रमांक विमा कंपनीच्या नोंदीत नव्हताच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो, आणि तो आपल्याला स्वतःच्या नावाने थेट कंपनीकडून घेता येतो.

जानेवारी जवळ आला तेव्हा ‘वकिलातीत गर्दी आहे’ असे कारण पुढे करून त्याने सहल मेअखेरीस नेण्याचा प्रस्ताव मांडला. थंडी कमी असते, नातवंडांनाही सुट्टी असते, शिवाय जादा पैसे नाहीत, असे तो म्हणाला. आमच्या शेजारच्या गुरुजींनी त्याला तिथेच अडवले. ट्रॉम्सोमध्ये साधारण २० मे ते २२ जुलै या काळात सूर्य मावळतच नाही. रात्रच नाही तर ध्रुवीय प्रकाश दिसणार कसा, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या गोष्टीची तो हमी विकत होता, तिची प्राथमिक माहितीही त्याला नाही, हे त्या दिवशी सर्वांसमोर उघड झाले, आणि त्यानंतर आठवडाभरात त्याचे फोन लागेनासे झाले.

पैशांच्या पावत्यांबाबतही सांगितले पाहिजे. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाचा पॅन घेऊन त्याच्या नावावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घेतलेला आयकर, भरावा लागतो आणि ती रक्कम आयकर विभागाकडच्या आपल्या करविवरणात आपल्याला दिसते. आमच्यापैकी कोणाचाही पॅन मागितला गेला नव्हता, पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता आणि बहुतेक रक्कम संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने घेतली गेली होती. ज्यांनी काही भाग क्रेडिट कार्डाने दिला होता, त्यांनी बँकेकडे लेखी वाद नोंदवल्यावर तेवढी रक्कम परत मिळाली. इतरांना अद्याप काहीही मिळालेले नाही, आणि त्यांत अशीही माणसे आहेत ज्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून हे पैसे बाजूला काढले होते. त्यांच्याकडे पाहताना मला आजही संताप आवरत नाही.

आम्ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही, मात्र घटनेपासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. याच इसमाने मिरज आणि ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) भागातूनही पैसे गोळा केल्याचे आम्हाला तपासादरम्यान समजले. ज्यांनी त्याला रक्कम दिली असेल त्यांनी पत्रक, पीएनआरचे कागद, यूपीआयच्या नोंदी आणि त्याच्याशी झालेले संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि आपली स्वतंत्र तक्रार लवकर दाखल करावी, कारण तक्रारदारांची संख्या आणि एकूण रक्कम तपास अधिकाऱ्यांपुढे यावी यासाठी ते आवश्यक आहे.