डिस्टन्समधून लेझरचा डिप्लोमा घेतला आणि २४ हजार घालवले

मी सांगलीत एका मूळव्याधीच्या क्लिनिकमध्ये ओटी असिस्टंट, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला मदतनीस आहे, १२ वर्षं झाली. शिक्षण बारावी, बाकी सगळं तिथल्या डॉक्टर सरांच्या हाताखाली शिकलो. कागद नाही म्हणून पगार वाढत नाही हे डोक्यात होतंच, त्यात मोबाईलवर जाहिरात दिसली, डिप्लोमा इन सर्जिकल लेझर टेक्नॉलॉजी, घरबसल्या, १ वर्ष. नंबर टाकला आणि १० मिनिटांत फोन. बाई इतक्या गोड बोलत होत्या की विचारू नका, "दादा, शेवटच्या ३ सीट राहिल्यात, आज भरलंत तर १० हजार कमी." फी ३८ हजार, पहिला हप्ता २४. बायकोला न विचारता भरले, ही माझी पहिली चूक.

पावती आली तेव्हाच कळायला पाहिजे होतं. त्यावर युनिव्हर्सिटीचं नाव बारीक अक्षरात खाली, वर कुठल्यातरी एज्युकेशन सर्व्हिसेसचं, आणि पैसे गेलेले एका माणसाच्या पर्सनल खात्यावर. विचारलं तर म्हणाल्या आम्ही ऑथोराइज्ड सेंटर. नंतर कळलं की डिस्टन्समध्ये अशी फ्रँचायझी चालवायला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या आयोगाची परवानगीच नाही.

मग नोट्स आल्या, ६० पानांची पीडीएफ. त्यात लिहिलेलं, सगळ्या लेझरचा परिणाम वरच्या थरापुरताच होतो, त्यामुळे आजूबाजूच्या टिश्यूला धोका नाही, आणि डोळ्याला कुठलाही काळा गॉगल चालतो. मला पहिलं वाक्य तेवढं खटकलं नाही खरं सांगतो, पण गॉगलवर हसू आलं, कारण आमच्याकडे डायोड लेझरचे गॉगल वेगळे ठेवतात, ते सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरला चालत नाहीत, प्रत्येक गॉगल ठरावीक वेव्हलेंग्थपुरताच, म्हणजे किरणांच्या ठरावीक तरंगलांबीपुरताच. सरांना दाखवलं. सर काही बोलले नाहीत, दुपारी चिकनचा एक तुकडा मागवला.

डायोडच्या फायबरचं टोक त्यांनी मांसाला २-३ सेकंद टेकवलं. काळा ठिपका पडला आणि भोवती पांढरी कडा. शेजारी जास्त वेळ धरलं, वरून डाग थोडाच मोठा दिसला, पण तुकडा सुरीने उभा चिरला तर आत पांढरं चांगलंच खोल गेलेलं. सर म्हणाले, "काळं सगळ्यांना दिसतं रे, पांढरं बघ." साधारण ६० अंशाला प्रथिनं गोठतात ते हे पांढरं, १०० ला पाण्याची वाफ होऊन टिश्यू उडतो, त्याच्या पुढे गेलं की कोळसा. सीओटूची किरणं १०,६०० नॅनोमीटरची, पाणी ती लगेच शोषतं म्हणून काम वरच्यावर होतं, १०६४ नॅनोमीटरवाला एनडी याग लेझर मात्र काही मिलिमीटर आत जातो. म्हणजे सगळे लेझर सारखे हेच मुळात खोटं. आणि मूळव्याधीत खाली लगेच स्फिंक्टर, म्हणजे शौच रोखून धरणारा स्नायू असतो, तो भाजला तर पेशंटचा शौचावरचा ताबा जाऊ शकतो. हे पीडीएफ वाचून शिकायचं होतं मी!

मग यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची साइट बघितली, आधी बघायला पाहिजे होती. मेडिकल, पॅरामेडिकल, नर्सिंग, डेंटल, फार्मसी, फिजिओथेरपी, हे डिस्टन्सने द्यायलाच बंदी आहे. आणि जे कोर्स चालतात त्यांची यादी तिथे युनिव्हर्सिटी आणि वर्षानुसार असते, नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव बघून भागत नाही, तुमचा कोर्स त्या सेशनच्या यादीत आहे का ते बघायचं. अॅडमिशनच्या आधी स्वतःचा डीईबी आयडी, म्हणजे याच ब्युरोचा विद्यार्थी नंबरही काढावा लागतो, त्या बाईंनी तो शब्दसुद्धा काढला नव्हता. फी भरायची ती युनिव्हर्सिटीच्याच खात्यात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. पण पैसे जाऊन ५ आठवडे झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. दुसरा हप्ता १४ हजारांचा होता तो ऑटोपेवर लावलेला, तो बँकेत जाऊन बंद केला, तेवढे वाचले. बायकोला अजून ८ हजारच सांगितलेत.