चोवीस वर्षांची मियाटा: ठेवावी की बदलावी?

गेल्या एप्रिलमध्ये माझी २००१ सालची माझदा मियाटा लिफ्टवर चढवलेली असताना मेकॅनिकने उजव्या दाराखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत ठोकत पुढून मागे नेली. दाराच्या मध्यापर्यंत आवाज टणटणीत येत होता. मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत तो एकदम बसका झाला. तिथे त्याने टोक टेकवले आणि फारसा जोर न लावता ते आत गेले. बाहेरून रंगाला दोन लहान फुगवट्यांपलीकडे काहीही झालेले नव्हते. ही गाडी ठेवायची की नवी घ्यायची, हा प्रश्न त्या दिवशी माझ्यासमोर उभा राहिला. पुढचे दोन महिने मी त्याचाच विचार केला, हिशेब मांडले, नवी गाडीही चालवून पाहिली. त्यातून जे हाती लागले ते जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे परीक्षण लिहीत आहे.

मी न्यू जर्सीत राहते. ही गाडी २००९ मध्ये मी जुनी म्हणूनच घेतली, तेव्हा ती ६१ हजार मैल चालली होती. आज १ लाख ३२ हजार झाले आहेत. मियाटा, जिला अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी एमएक्स-५ म्हणतात, ती फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. कल्पना तेव्हापासून तीच राहिली आहे: दोन माणसांची जागा, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन शक्य तितके कमी आणि डोक्यावर घडीचा टप. (टांग्याच्या आणि जीपच्या आच्छादनाला आमच्याकडे टप म्हणत, या छतालाही मला तोच शब्द शोभतो असे वाटते.) माझी गाडी दुसऱ्या पिढीतली आहे. या पिढीत वर येऊन उघडणारे दिवे गेले आणि टपाच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीऐवजी काच आली. इंजिन १.८ लिटरचे आणि ताकद १४२ अश्वशक्तीची आहे. २००१ चे मॉडेल आले तेव्हा अमेरिकेत १५५ अश्वशक्ती जाहीर झाली होती, पण कंपनीने नंतर आकडा दुरुस्त केला आणि ज्यांना फसल्यासारखे वाटले त्यांच्याकडून गाडी परत घेण्याची तयारी दाखवली. वजन साधारण १,०८० किलो भरते.

हे आकडे आजच्या कोणत्याही मध्यम कुटुंबाच्या गाडीपुढे फिके आहेत, आणि तरीही ही गाडी सोडवत नाही, याचे कारण तिच्या घडणीत आहे. गियरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गियरसंच) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब तुळई गाडीच्या पोटाखालून जाते. त्यामुळे पाय दाबला की इंजिन आणि मागची चाके यांच्यात जो किंचित झोल इतर गाड्यांत जाणवतो तो इथे जवळपास जाणवतच नाही. गियरची दांडी मनगटाच्या हालचालीवर फिरते, कोपर उचलावे लागत नाही. डेलावेअर नदीच्या काठाने लॅम्बर्टव्हिलहून फ्रेंचटाउनला जाणारा २९ क्रमांकाचा रस्ता आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला झाडी आणि मध्ये सावकाश वळत जाणारा डांबरी पट्टा. त्या रस्त्यावर वेगमर्यादा पाळूनही ही गाडी तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण जिवंत असते. ताकदवान गाडीला असे जिवंत व्हायला दुप्पट वेग लागतो, आणि तो वेग सार्वजनिक रस्त्यावर वापरताच येत नाही. माझ्या मते मियाटाची सगळी थोरवी या एका गोष्टीत आहे.

यांत्रिक बाजूबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. टायमिंग बेल्ट आणि त्यासोबत पाण्याचा पंप मी एकदा बदलून घेतला. क्लचचा खालचा सिलिंडर वयोमानाने गळू लागला होता, पण तो भाग स्वस्त आहे आणि दोन बोल्टांवर बसतो. टप २०१४ मध्ये नवा घातला. जवळपास सगळे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि इतक्या जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल हे फार थोड्यांना म्हणता येते. इंजिनाने मला रस्त्यात कधीही उभे केलेले नाही. म्हणूनच गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना बहुतेक लोक मैलांचा आकडा आणि इंजिनाचा आवाज पाहतात, ते मला चुकीचे वाटते. या गाडीचे आयुष्य इंजिन ठरवत नाही, पत्रा ठरवतो.

गंज कुठून येतो हे समजून घेण्यात मी बराच वेळ घालवला, आणि ते आधी केले असते तर पुढचा खर्च वाचला असता याची मला मनापासून खंत आहे. टपावर पडलेले पाणी मागे एका पन्हळीत जमते आणि दोन्ही सीटांच्या मागच्या कोपऱ्यांतून नाळींवाटे खाली जाऊन मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडते. ओकची चुरा झालेली पाने आणि पाईनच्या सुया त्या नाळींत अडकल्या की पाणी तुंबते आणि दाराखालच्या पोकळ पेटीत उतरते. तिथे ते दिसत नाही, वाळतही नाही. त्यात आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चाकांनी उडून खालून आत शिरते. म्हणजे पत्रा आतून भिजतो आणि बाहेरून खारावतो. पहिली पाच वर्षे मी ही गाडी डिसेंबर-जानेवारीतही चालवली आणि नाळी साफ कराव्या लागतात हे मला ठाऊकच नव्हते, त्यामुळे यात दोष गाडीइतकाच माझाही आहे. तपासणी सोपी आहे: टप अर्धा उचलून प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतावे आणि ते त्याच बाजूला खाली पडते का ते पाहावे. माझ्या गाडीत डावीकडचे पाणी लगेच पडले. उजवीकडचे पडलेच नाही.

पुढच्या बाजूला, इंजिनाच्या दोन्ही अंगांना चासीचे जे दोन दांडे पुढे येतात, ते या पिढीत दुहेरी पत्र्याचे आहेत. दोन थरांच्या मध्ये ओल शिरली की सांधा फुगतो. हीच माझ्या निर्णयाची खरी कसोटी होती, कारण दाराखालची पेटी कापून नवी बसवता येते, पण पुढचे दांडे गेले तर सस्पेन्शन आणि अपघातात धक्का झेलणारा भाग दोन्ही बाधित होतात आणि काम फार मोठे होते. माझे दांडे वरून काळवंडलेले होते, पण हातोडीने ठोकून, सांध्यावर तारेचा ब्रश फिरवून आणि आत छोटा कॅमेरा घालून पाहिल्यावर ते शाबूत निघाले. ते पोकळ निघाले असते तर हा लेख वेगळा झाला असता.

दुरुस्ती कोणाकडे करावी याबद्दल एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला जाड, काळे, रबरी आवरण फासून दिले होते. खालची घाण आणि सुरू झालेला गंज खरवडून न काढताच ते लावले गेले, आणि आत अडकलेल्या ओलीने त्याच्याखाली निवांत काम केले. लिफ्टवर ते आवरण पापुद्र्यासारखे सुटून हातात आले, आणि त्याच्या आतल्या बाजूला तांबडी पूड चिकटलेली होती. म्हणून यंदा मी वेल्डिंगवाल्याला आधी विचारले की कापणार कुठून, नवा पत्रा किती जाडीचा घालणार आणि आतून काय मारणार. ज्याने या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर चित्र काढून दिली त्याला काम दिले. दोन्ही बाजूंचे मिळून २,९०० डॉलर झाले. पोकळीत आता मेण फवारलेले आहे. ते पाझरून सांध्यांत जाते आणि रबरासारखे ओल कोंडून ठेवत नाही.

नवी गाडीही मी मन मोकळे ठेवून चालवली. चौथ्या पिढीची मियाटा अमेरिकेत २०१६ पासून आहे. २०१९ मध्ये तिच्या दोन लिटरच्या इंजिनाची ताकद १८१ अश्वशक्तीवर आणि फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ७,५०० वर गेली, आणि २०२४ मध्ये स्टीअरिंग आणि मागचा डिफरन्शियल यांवर पुन्हा काम झाले. मला सर्वांत थक्क केले ते वजनाने. दोन दशकांत सगळ्या गाड्या फुगल्या असताना ही माझ्या जुन्या गाडीपेक्षा किंचित हलकी आणि लांबीला किंचित कमी आहे. इंजिन वरच्या फेऱ्यांत आनंदाने गाते, टप एका हाताने बसल्या जागी उघडतो आणि मिटतो, गियरची दांडी पूर्वीइतकीच नेटकी आहे. टायमिंग बेल्टच्या जागी साखळी असल्याने ती काळजीही नाही. उणेही आहेच: डॅशबोर्डात सामान ठेवायचा कप्पा नाही, डिकी जुन्या गाडीपेक्षा लहान आहे, सुटे चाक मिळत नाही. स्टीअरिंग विजेवर चालते. ते अचूक आहे, पण रस्त्याचा पोत हाताला जसा माझ्या गाडीत कळतो तसा तिथे कळला नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र तुलना होऊच शकत नाही, आणि हे मी अडखळत नव्हे, स्पष्टपणे लिहिते. माझ्या गाडीला पुढच्या दोन एअरबॅग आहेत, बाजूच्या नाहीत. घसरताना सावरणारी यंत्रणा नाही. नव्या गाडीत दोन्ही आहेत. ज्याच्याकडे ही एकच गाडी आहे आणि जो तिने रोज टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, मोठ्या ट्रकांच्या मधून कामावर जातो, त्याने पैशांचा हिशेब बाजूला ठेवून नवी घ्यावी, असेच माझे मत आहे. मी रोजच्या कामाला दुसरी गाडी वापरते, मियाटा एप्रिल ते नोव्हेंबर, कोरड्या दिवशी आणि लहान रस्त्यांवर चालवते, म्हणून माझा निर्णय वेगळा होऊ शकला.

आता हिशेब. नवी मियाटा ३० हजार डॉलरच्या आसपास सुरू होते आणि मला हवे ते मॉडेल ३४ हजारांपर्यंत जाते. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर म्हणजे आणखी सव्वादोन हजार. माझ्या गाडीला गंज दाखवून बोली आली ती २,८०० डॉलरची. म्हणजे पदरचे ३३ हजार घालायचे की २,९०० मध्ये पत्रा नीट करून घ्यायचा, एवढाच फरक होता. पण विम्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. साध्या पॉलिसीत जुन्या गाडीची भरपाई त्या दिवशीच्या बाजारभावाने मिळते, त्यामुळे किरकोळ धडकेतही दुरुस्तीचा खर्च किमतीपेक्षा जास्त ठरून गाडी भंगारात निघते. जुन्या गाड्यांसाठी आधीच ठरवलेल्या किमतीची पॉलिसी मिळते. गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवणे, रोजच्या वापराला दुसरी गाडी असणे अशा तिच्या अटी असतात. त्या मला पाळता येतात, म्हणून मी ती घेतली. वेल्डिंगवर खर्च करून साध्या विम्यावर राहणे म्हणजे पैसे रस्त्यावर ठेवण्यासारखे झाले असते.

मी गाडी ठेवली आहे. जूनमध्ये काम पूर्ण झाले आणि मी ती पहिल्यांदा नदीकाठच्या त्याच रस्त्यावर नेली. पूर्वी खड्ड्यातून जाताना उजवे दार चौकटीत कुरकुरत असे. पेटी घट्ट झाल्यावर तो आवाज गेला, आणि इतकी वर्षे मी त्याला दाराच्या रबराचा दोष समजत होते. आता दर सहा महिन्यांनी दोन्ही कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतते, आणि दर वसंतात पुढचे दांडे ठोकून पाहून घेते. त्यांच्यापैकी एकाचाही आवाज बसका आला, तर त्याच आठवड्यात मी नवीची नोंदणी करीन.