छोट्या होडीसाठी आउटबोर्ड: मोटर मोठी हवी की पंखा बदलायला हवा?

चार माणसं बसली की होडी रखडते, अशी तक्रार असली की पहिला विचार मोठ्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवायच्या मोटरीचा येतो. पण बऱ्याच वेळा दोष मोटरीचा नसतो, पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) असतो, आणि पंखा मोटरीच्या मानाने किरकोळ खर्चात बदलता येतो. म्हणून या दोन्हींचा निर्णय एकत्रच घ्यावा. त्याआधी एक प्रश्न मात्र सोडवायला हवा: तुमची होडी पाणी कापत जाते की पाण्यावर चढून पळते?

कापणारी आणि चढणारी

गोल किंवा खोल तळाच्या, जड होड्या पाणी बाजूला सारत जातात. त्यांच्या वेगाला पाण्याच्या रेषेवरची लांबीच मर्यादा घालते. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढून 1.34 ने गुणलं की नॉटमधला वेग मिळतो. 16 फुटांना तो 5.4 नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. अशा होडीला 5 हॉर्सपॉवरच्या जागी 25 ची मोटर लावली तर मागचा भाग खाली बसतो, लाट मोठी उठते, पेट्रोल जळतं आणि वेग मात्र जवळपास तिथेच राहतो.

सपाट किंवा उथळ व्ही तळाची हलकी होडी पुरेशी ताकद मिळाली की पाण्यावर चढते आणि मग मोकळी पळते. इथे ताकदीचं मोल आहे. होडी, मोटर, टाकी, माणसं आणि सामान असं सगळं वजन धरून दर हॉर्सपॉवरमागे 20 किलोच्या आत राहिलात तर ती साधारणपणे सुखाने चढते. वरची मर्यादा होडीवरच्या क्षमतेच्या पट्टीवर लिहिलेली असते. ती ओलांडण्याचा मोह मी तरी टाळेन, कारण जास्तीचं वजन नेमकं ट्रान्समवर, म्हणजे मोटर बसते त्या मागच्या फळीवर लटकतं.

एकच मोटर, दोन पंखे

पंख्यावर 11 × 13 असे दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता, तो पिच. पाण्यात तो थोडा घसरतोच. हलक्या, पळणाऱ्या होडीत ही घसरण 10 ते 20 टक्के असते, ओझं वाढलं की तीही वाढते.

समजा 16 फुटी होडी आहे, 40 हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि गिअरचं प्रमाण 2:1. मोटरीच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला 5000 ते 6000 आरपीएम (मिनिटाला फेरे) सांगितले आहेत. 13 पिचच्या पंख्याने दोन माणसं घेऊन मोटर 5600 ला पोहोचली. पंखा 2800 फिरतो, 15 टक्के घसरण धरली तर वेग ताशी 47 किलोमीटर. झकास! आता पाच माणसं आणि सामान भरा. मोटर 4800 वर अडकते, घसरण 25 टक्क्यांवर जाते, वेग 36 वर येतो.

आता 11 पिच लावा. एक इंच पिच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात, म्हणजे मोटर 5200 च्या आसपास जाईल. घसरण 18 टक्के धरली तर वेग पुन्हा 36! मग फायदा काय? होडी लवकर चढते, आणि मोटर ओझ्याखाली घुसमटत नाही. पुस्तिकेतल्या आरपीएमच्या खाली रोज पूर्ण थ्रॉटलने चालवलेली मोटर तापते, कार्बन धरते, लवकर थकते. उलट हाच 11 चा पंखा रिकाम्या होडीवर 6000 ला भिडेल, तेव्हा थ्रॉटल आवरता घ्यावा लागेल.

माझं मत स्पष्ट आहे: होडी बहुतेक वेळा भरलेली असेल तर कमी पिच घ्या. कमाल वेगाचा आकडा बढाईला बरा असतो, रोजच्या कामाला नाही. आणि आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर नसेल तर आधी तो बसवा.

गिअरचं प्रमाण

जड होडीसाठी मोठा पंखा सावकाश फिरवणं हाच खरा उपाय, पण ते गिअरवर अवलंबून आहे. यामाहाच्या 9.9 हॉर्सपॉवरच्या साध्या मोटरीत गिअर 2.08:1 आहे, तर त्याच ताकदीच्या हाय-थ्रस्ट (जास्त रेटा देणाऱ्या) मोटरीत 2.92:1. दुसरीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा बसतो. शिडाच्या किंवा ओझ्याच्या होडीला ती उजवी, हलक्या होडीला उगाच जड.

टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, बॅटरी

जुनी टू-स्ट्रोक हलकी आणि दुरुस्तीला सोपी, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळा, धूर सोसा, इंधन जास्त घाला. अनेक देशांत उत्सर्जनाच्या नियमांमुळे कार्बोरेटरवाल्या नव्या टू-स्ट्रोकची विक्री बंद झाली आहे. बीआरपी या कंपनीने 2020 मध्ये आपल्या एव्हिनरूड या टू-स्ट्रोक आउटबोर्डचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे जुनी घेताना सुटे भाग मिळतात का हे आधी पाहा. नवीनच घ्यायची तर फोर-स्ट्रोक. वजन जास्त असलं तरी मंद वेगात ती शांत आणि काटकसरी चालते.

बॅटरीची मोटर फक्त पाणी कापणाऱ्या होडीला, तीही थोड्या अंतरासाठी. 12 व्होल्टची, 55 पौंड थ्रस्टची मोटर पूर्ण जोरात 50 अँपियरच्या आसपास ओढते. 100 अँपियर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मंच वापरावं, म्हणजे जेमतेम तासभर. वेग निम्म्यावर आणला तर तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते, कारण अशा होडीत लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते.

पाती आणि धातू

तीन पाती बहुतेकांना पुरतात. चार पात्यांचा पंखा वळणावर आणि लाटेत पाणी घट्ट धरतो, मागचा भाग उचलतो, थरथर कमी करतो, पण कमाल वेग थोडा खातो. तीनवरून चारवर जाताना पिच एखादा इंच कमी घ्यावा.

स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, म्हणून वेग चांगला मिळतो. पण दगडावर आदळली तर धक्का हबपर्यंत (पंख्याच्या मधल्या भागापर्यंत) आणि कधी पुढे गिअरपर्यंत पोहोचतो. ॲल्युमिनियमचं पातं स्वतः वाकतं. उथळ, खडकाळ पाण्यात मला ॲल्युमिनियमच पटतं. दुसरा पंखा, नट, वॉशर, कॉटर पिन आणि पाना होडीत ठेवावा.

शाफ्ट

शाफ्ट म्हणजे मोटरीपासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा. 15, 20 आणि 25 इंच ही नेहमीची मापं. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत टेप धरा आणि त्याला जुळेल ते घ्या. पंख्याच्या लगेच वर असलेली मोटरीची आडवी प्लेट तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर वर असावी. त्याहून वर गेली तर वळणावर पंखा हवा ओढतो, मोटर किंचाळते आणि होडी ढकलली जात नाही. फार खाली गेली तर पाणी उडतं आणि ओढ वाढते.

हवा ओढणं आणि हब घसरणं (पंख्याच्या आतलं रबर सुटणं) यांत गल्लत होते, कारण दोन्हींत आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही. रबरी हबचा पंखा असेल तर आतल्या बुशपासून बाहेरच्या धातूपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. शंका आली की मोटर बंद करून वर उचला आणि रेघ पाहा. तुटलेली दिसली तर हब गेला, थ्रॉटल अगदी कमी ठेवून किनारा गाठा. सलग असेल तर मोटर ट्रान्समवर बसवायच्या भोकांपैकी एक भोक खाली उतरवून पुन्हा चालवून पाहा.