पित्तनलिकेच्या गाठीचा प्रकार नीट सांगणारी ओपीडी

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीचे पोट वारंवार दुखत असे आणि अधूनमधून डोळे पिवळे होत. गावात दोनदा काविळीचे झाडपाल्याचे औषध पाजून झाले. अखेर तालुक्याच्या एका केंद्रात सोनोग्राफी केली, तर रिपोर्टात ‘पित्तनलिकेत सिस्ट’, म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीत फुगलेली गाठ, एवढेच लिहून मिळाले. सिस्ट केवढी, नेमकी कुठे, यकृतातल्या नलिका कशा आहेत, याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

हा अभिप्राय त्यानंतरच्या, कुडाळच्या बाजूच्या एका रुग्णालयातील बालशल्यचिकित्सेच्या ओपीडीविषयी आहे. ऑपरेशनची तारीख देण्याआधी तेथील डॉक्टरांनी एमआरसीपी (पित्तनलिकांचे एमआरआय चित्र) करून आणायला सांगितले, कारण गाठ कोणत्या प्रकारात बसते यावरच किती आणि काय काढायचे हे ठरते. १९७७ साली जपानी शल्यचिकित्सक टोडानी यांनी जुन्या तीन प्रकारांचे पाच केले. तीच वर्गवारी अजून चालते. डॉक्टरांनी ती केसपेपरच्या पाठीवर माडाच्या बागेतला पाट काढून समजावली; पाट म्हणजे पित्तनलिका. मुख्य पाटच फुगला तर पहिला प्रकार, आणि बहुतेक रुग्ण याच प्रकारचे असतात. पाटाच्या काठाला बाजूला पिशवीसारखी खळगी निघाली तर दुसरा. पाट व्हाळाला (ओढ्याला) मिळतो तिथे, म्हणजे लहान आतड्याच्या भिंतीत, फुगवटा आला तर तिसरा. फक्त यकृताच्या आतले बारीक पाट फुगले तर पाचवा. चौथ्यात फुगवटे एकाहून अधिक असतात. आमची गाठ सुरुवातीला पहिल्या प्रकारची वाटली होती, पण एमआरसीपीत यकृतातल्या नलिकाही फुगलेल्या दिसल्या आणि ती ४-अ, म्हणजे यकृताच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे फुगवटे असलेली, ठरली.

‘नुसते पाणी काढून भागणार नाही का?’ असे दादाने विचारले. पूर्वी गाठ तशीच ठेवून आतड्याला जोडत, परंतु तिच्या अस्तरात पुढे कर्करोग होण्याचा धोका उरतो. म्हणून आता यकृताबाहेरची गाठ पूर्ण काढून वरची नलिका आतड्याला जोडतात, आणि ४-अ मध्ये आतला भाग राहत असल्याने तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात, हे त्यांनी कसलीही घाई न करता सांगितले.

उणिवा आहेतच. एमआरसीपी बाहेरून करावी लागते, त्यात अख्खा दिवस मोडतो, आणि टोकनसाठी सकाळी सातलाच रांगेत उभे राहावे लागते. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘टोडानी ४-अ’ असे ठळक लिहून मिळाले. केसपेपरची झेरॉक्स मागितली तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारले, “पाठची बाजूपण काढू ना? सगळे तीच मागतात.”