स्टिअरिंगचा रॅक बदलल्याचे 27,500 घेतले, रॅक मात्र जागचा हललाच नव्हता

मार्चच्या सुरुवातीला जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचा डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा होता, आठवड्याभरात बशीएवढा झाला. गाडी 2011 ची, सात सीटची, डिझेल. तिचं पॉवर स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, तेलाच्या दाबावर चालणारं आहे. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं, त्यात हे तेलच नसतं, म्हणून तसल्या गाडीवाल्यांना हा प्रकार माहीत नसेल. बॉनेट उघडून पाहिलं, तर स्टिअरिंग ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली होती.

ओळखीतल्या एकाने सांगितलं म्हणून होटगी रोडच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मालकाने गाडी लिफ्टवर घेतली, मला खाली बोलावलं आणि बॅटरी मारून दाखवली. रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा आडवा भाग, तेलाने माखलेला आणि त्याच्या टोकाच्या रबरी बुटावरून (घडीच्या आवरणावरून) थेंब लोंबतोय. "बघा की मालक, तुमच्या डोळ्यांनी बघा. रॅक गेलाय. चालू गाडीत स्टिअरिंग जाम झालं म्हणजे?" आईला घेऊन मी दर गुरुवारी अक्कलकोटला जातो, हे त्याला बोलण्याबोलण्यात आधीच सांगून बसलो होतो. त्याने नेमकं तेच धरलं. "आईला घेऊन जाताय, कशाला रिस्क घेता?"

मी घाबरलो. नवा रॅक 21,000, मजुरी 4,500, तेल आणि अलाइनमेंट 2,000, असे एकूण 27,500 ठरले. 10,000 फोनवरून पाठवले, बाकीचे 17,500 गाडी घेताना रोख दिले. पक्कं बिल घेतलं तर टॅक्स वाढेल म्हणाला, म्हणून साध्या चिठ्ठीवर भागवलं. जुना रॅक मागितला, तर "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला". दोन दिवसांनी मिळालेली गाडी खालून चकचकीत होती. रॅक चंदेरी, बूट काळेकुळकुळीत. फरशीही कोरडी राहिली.

तीन आठवडेच. एका गुरुवारी अक्कलकोटला गाडी लावताना स्टिअरिंग वळवलं की कण्हल्यासारखा आवाज यायला लागला आणि चाक जड लागलं. डबी जवळजवळ रिकामी. तिथेच तेल विकत घेऊन भरलं आणि चाळीसेक किलोमीटर जीव मुठीत धरून परत आलो. आई मागे जप करत बसली होती, तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला म्हणाला, "नव्या रॅकचं प्रेशर जुन्या पंपाला झेपलं नाही. पंप बदला, 14,000." हे ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली. दाब पंप तयार करतो, रॅक तो वापरतो. रॅकमुळे पंप फुटेल कसा?

गाडी तशीच काढून अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. तेलुगू घरातले, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण गळती शोधायची पद्धत मला तिथे कळली.

अण्णांनी आधी काहीच सांगितलं नाही. "तेल खाली दिसतंय म्हणून तिथनंच गळतंय असं नसतंय ओ. पहिलं धुवायचं." इंजिनाच्या वरून रॅकपर्यंत सगळं डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुतलं, हवा मारून कोरडं केलं, डबी वरच्या खुणेपर्यंत भरली आणि पाइपांवर, जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. मला सीटवर बसवून इंजिन चालू करायला लावलं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, पण टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो आणि तेल तापून पंपाला त्रास होतो.

दहा मिनिटांत पावडरीवर गुलाबी रेघ उमटली. तीही रॅकवर नाही, वर, ऑइलच्या डबीखाली. रॅककडून डबीत तेल परत आणणाऱ्या रबरी पाइपाला क्लिपजवळ बारीक चीर होती. आपल्याकडच्या उन्हात इंजिनाशेजारचं जुनं रबर कडक होऊन तडकतं. त्या चिरेतून तेल पाइपावरून ओघळत सगळ्यात खाली असलेल्या रॅकवर जमा होत होतं आणि बुटावरून टपकत होतं. मला लिफ्टखाली नेऊन दाखवलं, ते हे. डोळ्यांनी पाहिलेलं खरंच होतं, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता.

मग अण्णांनी रॅकच्या बुटाची क्लिप सोडली. रॅकच्या आतलं सील गेलं असेल, तर तेल आधी बुटाच्या आत साठतं. बूट दाबला की पचपचतो, क्लिप सोडली की बाहेर येतं. आमच्या रॅकचे दोन्ही बूट आतून कोरडे ठणठणीत. पहिल्या गॅरेजने ही क्लिप कधी सोडलीच नव्हती.

मी म्हणालो, "अण्णा, रॅक नवाच आहे, कोरडा असणारच." त्यांनी पेट्रोलचा बोळा रॅकवर फिरवला. चंदेरी रंग बोळ्याला आला आणि खाली जुनं, ओरखडे पडलेलं ॲल्युमिनियम दिसलं. चाकाजवळ टाय रॉड एंडच्या, म्हणजे रॅकचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याच्या नटातली स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुमडती पिन) गंजून जागेवर घट्ट बसलेली. ती काढल्याशिवाय, नाहीतर त्या दांड्यावरचा चेकनट सोडल्याशिवाय रॅक खाली उतरत नाही. चेकनटाच्या आट्यांवरही जुना गंज तसाच, म्हणजे अलाइनमेंटसाठीसुद्धा कोणी पाना लावला नव्हता. बुटांना पॉलिश मारलेलं होतं. रॅक जागचा हललाच नव्हता. गळक्या पाइपाची क्लिप जरा आवळून तेल भरून दिलं, तेवढ्यावर तीन आठवडे निघाले.

मला उभ्या जागी रडू यायचं बाकी होतं. पैशांपेक्षा आईचं नाव घेऊन मला घाबरवलं, हे जास्त लागलं. तेल पूर्ण संपलं असतं तर वळणावर चाक दगडासारखं जड झालं असतं आणि पंपही जळाला असता, कारण त्या पंपाला वंगणही याच तेलाचं असतं. मला घाबरवणाऱ्यानेच मला त्या गळक्या पाइपावर रस्त्यावर सोडलं होतं.

पाइप, दोन क्लिपा, एक लिटर तेल आणि मजुरी मिळून अण्णांनी 1,450 घेतले. पक्कं बिल दिलं आणि तडकलेला पाइप न मागता हातात ठेवला. पुढची चाकं उचलून, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून स्टिअरिंग फिरवत लाइनमधली हवाही काढून दिली. कण्हण्याचा आवाज गेला.

रॅक कधी खराब होतच नाही, असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला कोणी तसं सांगितलं, तर धुवून, कोरडं करून, तुमच्यासमोर पुन्हा गळती दाखवायला सांगा. बुटाची क्लिप सोडायला लावा. बदलायचाच झाला तर नवा रॅक खोक्यासकट, पार्ट नंबरसकट बसवण्याआधी बघा, जुन्या रॅकवर पक्क्या पेनने खूण करून फोटो काढा आणि काम सुरू होण्याआधीच "जुना भाग मला हवाय" असं मेसेजवर लिहून पाठवा. अलाइनमेंटचा छापील कागद मागा. रोख आणि चिठ्ठीवर भागवण्याची चूक करू नका, माझी बाजू तिथेच लंगडी पडलीय.

पहिल्या गॅरेजमध्ये फोटो घेऊन गेलो, तर मालक 5,000 देतो म्हणाला, मी नाही म्हणालो. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आहे. माझ्याकडे 10,000 पाठवल्याची नोंद आहे, "नवीन रॅक बसवला, गाडी तयार" हा त्याचाच मेसेज आहे, अण्णांचं बिल आहे आणि रंग पुसलेल्या रॅकचे, गंजलेल्या पिनचे फोटो आहेत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं आणि मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. हेल्पलाइनवर मिटलं नाही तर तिथे द्यायचा अर्ज लिहून तयार ठेवला आहे. ती गंजलेली स्प्लिट पिन अण्णांना मी अजून काढू दिलेली नाही.