ऑर्टिसेई (वाल गार्डेना, इटली): गाडी न घेता, आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसकट पाच रात्री

आधी मुद्द्याचं सांगते, कारण जायच्या आधी मी हेच शोधत होते आणि नीट उत्तर कुठे मिळालं नाही. ज्यांना चढण जमत नाही अशा माणसांना घेऊन डोलोमाइट्स, म्हणजे इटलीच्या उत्तरेतले सुळक्यांचे डोंगर, बघता येतात का? येतात. आणि खालून मान वर करून बघण्यापुरते नाही, तर अडीच हजार मीटरवर कड्याजवळ उभं राहून. आई ६८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे कामातून गेलेत, जिना उतरताना कठडा लागतो, आणि तरी ती सेचेदा नावाच्या डोंगरावर जाऊन आली. त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे. तरणेताठे ट्रेकवाले तिकडे कुठेही जातील, त्यांना माझी गरज नाही.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि आई, जूनचा शेवटचा आठवडा. ऑर्टिसेई हे गाव १२३६ मीटरवर आहे, वाल गार्डेना नावाच्या खोऱ्यात. व्हेरोनाहून ट्रेनने बोल्झानो, दीड-दोन तास, आणि तिथून बसने साधारण तासाभरात गावात. एक गोष्ट लक्षात ठेवा, या गावाला तीन नावं आहेत. इटालियनमध्ये ऑर्टिसेई, जर्मनमध्ये सांक्ट उलरिश आणि तिथल्या लोकांच्या स्वतःच्या लादिन भाषेत उर्तिजेई. पाट्यांवर तिन्ही असतात, पण बसच्या डोक्यावरच्या बोर्डावर जे नाव झळकत असेल ते तुम्ही शोधत असलेलं असेलच असं नाही, आमच्या डोळ्यांसमोरून एक बस याच कारणाने निघून गेली. हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे घरं, जेवण, बोलणं सगळ्यात जर्मन वळण दिसतं. रोम-फ्लोरेन्स करून येणाऱ्याला आपण वेगळ्याच देशात आलो की काय असं वाटतं.

राहिलो एका गार्नीमध्ये. गार्नी म्हणजे नाश्ता देणारं छोटं घरगुती हॉटेल, तिकडे सगळीकडे हाच शब्द आहे. खोली स्वच्छ, भिंतीला आणि पलंगाला तिकडच्या पाइनचं लाकूड, त्याला चिर्मोलो म्हणतात, आणि दार उघडलं की गोडसर, थोडा राळेसारखा वास येतो, तो शेवटच्या दिवसापर्यंत जाणवत राहिला. मालकीणबाई प्रेमळ, आईसाठी रोज न सांगता गरम पाण्याचा थर्मास भरून ठेवायच्या. तक्रार एकच पण मोठी: साइटवर 'लिफ्ट आहे' असं लिहिलेलं, लिफ्ट होतीसुद्धा, पण रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत अकरा पायऱ्या! आई रोज दोनदा त्या चढली-उतरली. तेव्हा बुकिंग करताना 'लिफ्ट आहे का' एवढंच विचारू नका, 'रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती' असं विचारा. आणि हो, गेस्ट पास मिळतो का तेही विचारा. बऱ्याच राहण्याच्या जागा तो फुकट देतात आणि त्यावर साउथ टिरोलमधल्या (हा सगळा प्रांत) बस आणि लोकल ट्रेन चालतात, आमचा प्रवासाचा खर्च त्यामुळे जवळजवळ शून्यावर आला. गाडी न घेतल्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

पहिल्या दिवशी आल्पे दि सिउसी. युरोपातलं सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण, साधारण ५६ चौरस किलोमीटर, आणि दिवसा तिकडे खाजगी गाड्यांना वर सोडत नाहीत, त्यामुळे ऑर्टिसेईतून गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या छोट्या डब्यांनी, जाणं हाच सरळ मार्ग. वर पोचलं की समोर सासोलुंगो, ३१८१ मीटर, मधे काही आडवं येतच नाही. आई स्टेशनबाहेरच्या बाकावर बसली ती वीस मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, हा दगड आपल्यासारखा नाही." बरोबर आहे, आपला कातळ काळा, लाव्ह्याचा, आणि हे सुळके पांढुरके-पिवळसर, कारण ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातल्या प्रवाळांच्या भिंती आहेत, समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हे डोंगर झाले. गंमत म्हणजे ज्या गवतावर आम्ही बसलो होतो त्याच्याखाली मात्र ज्वालामुखीचाच खडक आहे, तो लवकर झिजतो, त्याची माती होते, म्हणून कुरण एवढं मऊ, गोलसर, हिरवंगार, आणि त्याच्या कडेला एकदम उभे ताठ सुळके. हे एकदा कळलं ना की मग समोरचं चित्र वेगळंच दिसायला लागतं. डोलोमाइट हे नाव देओदा द डोलोमिय या फ्रेंच भूशास्त्रज्ञावरून पडलं, १८व्या शतकाच्या शेवटी त्याने हा दगड चुनखडीपेक्षा वेगळा आहे हे ओळखलं. २००९ पासून हे डोंगर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

कुरणावरच्या वाटा रुंद आहेत, बाबागाड्या सहज जातात, आणि वाटांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यात नंबर लिहिलेले असतात, चुकायची भीती नाही. जूनमध्ये गवत गुडघ्याएवढं आणि त्यात फुलं, पिवळी, जांभळी, निळी, पण गवतात पाय टाकू नका, ते गवत म्हणजे तिथल्या शेतकऱ्याचा वर्षाचा चारा असतो, कापून वाळवून हिवाळ्यात जनावरांना घालतात. हाफलिंगर घोडे बघायला मिळाले, तांबूस अंग आणि सोनेरी आयाळ, एकाने कुंपणावरून तोंड पुढे करून आईच्या ओढणीचा वास घेतला, नाकपुड्या मखमलीसारख्या, गरम श्वास थेट हातावर. आई दिवसभर तेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सेचेदा. गावातून स्टेशनपर्यंत जायला बोगद्यातून सरकते जिने आणि सरकता पट्टा आहे, म्हणजे गावातला चढही वाचतो, ही सोय ज्याने केली त्याचे आभार. आधी फुर्नेसपर्यंत गोंडोला, मग मोठी केबल कार थेट वर. वर उतरल्यावर मात्र शेवटचा चढ पायी आहे, धडधाकट माणसाला दहा मिनिटं, आईला थांबत थांबत पंचवीस. तिथून दिसतं ते फोटोत सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, एका बाजूने तिरकं वर गेलेलं हिरवं गवत आणि काठावर पोचल्यावर पलीकडे काहीच नाही, सरळ तुटलेला कडा, त्याच्यामागे ओडलेचे सुळके रांगेत, त्यातला सास रिगाइस ३०२५ मीटर. फोटोत वारा नसतो आणि आवाजही नसतो. कुठूनतरी सारखी शीळ येत होती, आधी वाटलं कुणी माणूस वाजवतोय, तर ती मार्मोटं, खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी, बिळाजवळ उभी राहून एकमेकांना सावध करत होती.

गर्दी खूप आहे, खोटं कशाला बोलू. दहा वाजले की काठावर फोटोसाठी रांग. २०२५ च्या उन्हाळ्यात तर गर्दीला वैतागलेल्या काही जमीनमालकांनी वाटेवर फिरतं फाटक बसवून माणशी ५ युरो घेतले होते, ती बातमी बरीच गाजली. मला त्यांचं दुःख समजतं, वाट सोडून गवत तुडवणारे आणि कागद टाकणारे आम्हीही पाहिले. पहिल्या केबल कारने जा, तासभर शांतपणे बसा आणि लोंढा यायच्या आत खाली या.

पण मला विचाराल तर सगळ्यात आवडलं ते रेशेसा. गावातूनच फ्युनिक्युलर जाते, रुळांवरची, जंगलातून सरळ वर. सेचेदाच्या तुलनेत माणसं अगदी तुरळक, वाट झाडांमधून मग उघड्यावर, चढ हलका, मधे बाक, आणि समोर सासोलुंगो, सेल्ला, शिलियार सगळे एका नजरेत. आम्ही मात्र एक चूक केली, दुपारी दोनला गेलो. उन्हाळ्यात या डोंगरात दुपारनंतर ढग जमतात आणि वीज-पाऊस सुरू होतो, हे वाचलेलं असूनही सकाळचं निळं आभाळ बघून निवांत राहिलो. अर्ध्या तासात आभाळ शाईसारखं झालं, आईला घाई करता येईना, शेवटी नवऱ्याने तिला धरून धरून डोंगरावरच्या उपाहारगृहापर्यंत, म्हणजे रिफुजिओपर्यंत आणलं आणि आत शिरलो तेव्हा गारा पडायला लागल्या. जीव भांड्यात पडला. आतल्या मुलीने आईला भट्टीजवळची जागा दिली, तासाभराने सगळं स्वच्छ, डोंगर धुतल्यासारखे. तरीसुद्धा पुन्हा सांगते, वरचं काहीही असो, सकाळीच करा, रेनकोट बॅगेत हवाच, आणि शेवटची खाली येणारी गाडी किती वाजता आहे ते चढतानाच बघून ठेवा.

जेवणाचं शाकाहाऱ्यांसाठी थोडं लिहिते. श्लुत्सक्राप्फन मागवा, पालक-चीज भरलेल्या अर्धगोल, आपल्या करंजीच्या आकाराच्या उकडलेल्या पारी, वर बटर, आईला फार आवडल्या. कानेदेर्ली म्हणजे शिळ्या पावाचे मोठे गोळे, ते पालकाचे, चीजचे मिळतात, पण बऱ्याचदा त्यात श्पेक असतं, म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं मांस. गावातल्या एका हॉटेलात 'शाकाहारी' म्हणून आणलेल्या गोळ्यात बारीक तुकडे निघाले, आईने घास तसाच ठेवला, मला फार वाईट वाटलं. त्यांनी माफी मागून दुसरं दिलं, पण तुम्ही 'श्पेक नको' असं नाव घेऊन सांगा, नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. सफरचंदाचं श्ट्रूडल कुठेही खा, वाईट मिळालंच नाही.

चौथ्या दिवशी आईचे गुडघे म्हणाले बस, म्हणून गावातच राहिलो आणि तो दिवस उलट खूप छान गेला. गावाजवळून जुन्या रेल्वेची वाट जाते. पहिल्या महायुद्धात १९१५-१६ मध्ये रशियन युद्धकैद्यांकडून ही रेल्वे बांधून घेतली होती, १९६० साली बंद झाली, आता रुळांच्या जागी सपाट पायवाट आहे, सांता क्रिस्तिनाकडे जाणारी. रेल्वेचीच वाट असल्यामुळे चढ अगदी सौम्य, आई माझ्यापेक्षा पुढे चालत होती.

आणि लाकडाचं काम. या खोऱ्यात सतराव्या शतकापासून कोरीवकाम चालतं, चर्चमधल्या मूर्ती आणि एकोणिसाव्या शतकात लाकडी बाहुल्या इथून लांबलांबच्या देशांत जायच्या. एका छोट्या दुकानात म्हातारे कारागीर काम करत बसले होते, वीतभर मेंढी, पटाशीचा एकेक हलका घाव आणि पापडासारखी पातळ ढलपी गुंडाळत बाहेर पडायची. अंगावरची लोकर करताना ते मधेमधे अंगठ्याने चाचपून बघत, डोळ्याने नाही. अर्धा तास आम्ही बघत उभे, काही घेतलं नाही तरी कपाळावर आठी नाही. निघताना त्यांनी आईच्या हातात मूठभर ढलप्या दिल्या, तोच चिर्मोलोचा वास. मशीनवर कोरलेल्या स्वस्त वस्तूही बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे हाताने केलेलं आहे का हे विचारूनच घ्या.

पाऊस दिवसभर लागला तर बोल्झानोला जा, तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात एत्झी आहे, १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. आम्ही परतताना गेलो. एरवी सोमवारी बंद असतं, दिवस बघून जा.

खर्चाचं म्हणाल तर केबल कार खिशाला चाट लावतात, सेचेदाच्या जाऊन-येऊन तिकिटात खाली दोघांचं साधं जेवण होईल. तीन-चार ठिकाणी वर जाणार असाल तर गार्डेना कार्डचा, म्हणजे केबल कारच्या पासचा, हिशेब करून बघा, ३ आणि ६ दिवसांचं मिळतं. पण ज्यांना एकाच ठिकाणी जायचं आहे आणि पाय धड नाहीत त्यांनी सेचेदा सोडून आल्पे दि सिउसी घ्यावं, तिथे बाहेर पडल्या पडल्या सगळं समोर आहे. नोव्हेंबरात आणि एप्रिलच्या शेवटी जाऊ नका, दोन सीझनच्या मधे केबल कार आणि गोंडोला बंद असतात आणि निम्मं गाव कुलूपबंद.

माझ्याकडून गावाला पाचपैकी पाच, आमच्या गार्नीला चार. एक गुण त्या अकरा पायऱ्यांचा.