लोहार चाळीतलं सोलर झटका मशीन, डांगी गाईंसाठी

शहापूर-मुरबाडकडे फिरत्या चराईवर, म्हणजे कुंपण सरकवत रानाचा एकेक तुकडा चारत, डांगी गाई पाळणाऱ्यांनी मुंबईच्या लोहार चाळीतून कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं हे मशीन जरूर न्यावं. मोठ्या गाईंना अडीच फुटांवरची एकच तार पुरते. वासरं असतील तर दीड फुटावर दुसरी. शेवटच्या टोकालाही ४ किलोव्होल्ट मिळायला हवेत.

खरी उणीव अर्थिंगची: सोबत एकच सळई येते. तीन फुटी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) सळया ३, दहा-दहा फुटांवर ठोका. उन्हाळ्यात माती सुकली की झटका बसत नाही, सळयांच्या बुडाशी पाणी ओता. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो. डांगीला पावसाचं काही नाही, पण ओल्या रानात कळप रेंगाळला तर गवताची मुळं तुडवली जातात. चार बोटं गवत शिल्लक असतानाच तार सरकवा. घरची लाइन तारेला थेट कधीच जोडू नका, माणूस मरतो.